वजनाच्या दिवशी गैरहजर

सोमवार, २५ नोव्हेंबर १९६३. अमरावती

ब्लॉकच्या साहेबांनी बोलावलं होतं. अकराला गेले, पाऊण वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर. आत गेले तर टेबलावर माझाच अहवाल. माझ्याच अक्षरातला तक्ता, त्यावर त्यांची लाल पेन्सिल.

"मालतीबाई, हे तुम्हीच लिहिलंय ना? टाकळीत दीड वर्षं बालवाडी. वडगावात काहीच नाही. आणि वजनं वडगावच्या मुलांची जास्त?"

हो म्हटलं. काय म्हणणार? दर तीन महिन्यांनी दोन्ही गावांत पोरांची वजनं घ्यायची ही टूम माझीच. नुसतं 'बालवाडी चांगली, बालवाडी चांगली' म्हणून चालत नाही, शेजारच्या बिनबालवाडीच्या गावाशी ताडून दाखवू, असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. दाखवलं. सपशेल तोंडावर आपटले.

जानेवारीअखेर पंचायत समितीची बैठक आहे. साहेब तिथं सांगणार की तालुक्यातल्या सगळ्या बालवाड्या मार्चनंतर बंद. माणूस वाईट नाही. उलट चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही आकडे दडवले नाहीत याचं मला कौतुक वाटतं."

कौतुक! चहा तसाच ठेवून आले.

मंगळ, २६

दिवसभर चिडचिड. वजनाच्या काट्यातच खोट असावी म्हणून गुळाची ढेप टांगून पाहिली, मग वाण्याकडे तीच तोलून आणली. काटा अगदी खरा. मेला लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं.

मग डोक्यात भलतंच. टाकळीची बालवाडी शांताबाई चालवते. रोज मूग शिजवते, ज्वारी-शेंगदाण्याच्या पिठात गूळ घालून पोरांच्या हातावर लाडू ठेवते. ते मूग पोरांच्या पोटात जातात का तिच्या घरी? असा विचार आला. लिहितानाच लाज वाटून राहिली. पण आला, म्हणून लिहिते. इथं तरी खोटं नको.

रवि, १ डिसेंबर. अकोला

दादाकडे. वहिनीनं वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती, दोन दिवसांनी पोटभर जेवले. दादाला सगळं सांगितलं. वकीलच तो, जेवता जेवता उलटतपासणी सुरू.

"काटा खरा?"

"खरा."

"लिहिणारी खरी?"

"दादा, थोबाडीत देईन."

"बरं. साक्षीदार सगळे आले होते का?"

"कोण साक्षीदार?"

"अगं, पोरं. दोन्ही गावची सगळी पोरं काट्यावर चढली का?"

म्हटलं, येतील ती. वजनाच्या आदल्या दिवशी कोतवाल दवंडी देतो, मग ज्या आयांना यायचं त्या येतात. दादा नुसता हसला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्याचं हे हसणं मला लहानपणापासून आवडत नाही. नोकरी सोडून अकोल्यात शाळेवर लाग, असंही वहिनीकडून सुचवून झालं. नाही म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता, ते दोघांनाही कळलं असणार.

गुरु, ५ डिसें.

आजचा दिवस सबंध लिहून ठेवायलाच हवा.

टाकळीला वजनाचा दिवस. काल दवंडी झालेली. चावडीपुढच्या लिंबाला काटा टांगला. आली तीच नेहमीची पोरं. किरकिरी, नाक गळणारी, दंडाला धरलं तर बोटं पुरून उरावीत अशी. शेवटी आलेल्या पोरीला उचलताना हातात काही आहे असंच वाटेना. वजनं झाली, काटा बांधला, दोनच्या बससाठी फाट्यावर गेले. बस नाही. कोणी म्हणे बडनेऱ्याकडे टायर फुटलं, कोणी म्हणे आज सुटलीच नाही. तासभर उन्हात बसले आणि वैतागून परत गावात, शांताबाईकडे टेकायला.

गल्लीत शिरले तर पोरांचा हा धुडगूस! विटीदांडू, धुळीत लोळणं, आरडाओरड. आणि पोरं कशी? टणटणीत. गालाचे लाडू. मी उभीच. यातल्या एकालाही मी काट्यावर पाहिलं नव्हतं. म्हणजे पूर्वी कधीतरी पाहिलं होतं, पण अशी नव्हती ही.

मला पाहिल्याबरोबर ओट्यावरच्या बाया उठल्या. फटाफट पोरं आत. गोदा म्हणून एक कोपऱ्यातल्या घरातली आहे, तिनं तर पोराला बखोटीला धरून घरात नेलं ते नेलंच. मी मागोमाग. (जायला नको होतं. पण माझा स्वभाव.) घरात गोदा एकटी, पदर तोंडाला. कोपऱ्यात ज्वारीची कणगी. कणगीतून शिंक आली.

झाकण काढलं. आत ज्वारीवर मांडी घालून दगडू. साडेपाच वर्षांचं गोरंगोमटं धूड, कपाळावर काजळाचा टिळा आणि हातात अर्धा लाडू. बालवाडीतला!

"बाई, तुमच्या पाया पडते," गोदा म्हणाली, "याले काट्यावर नोका चढवू. दोन गेले माये. दोन्ही चांगलेच होते अंगानं. लोकायनं पाह्यलं अन् गेले. हा तिसरा. म्हनून तं दगडू नाव ठेवलं, कोनाची नजर जाऊ नाही म्हनून. तुमी सारं गाव जमवता अन् चारचौघात वजन वरडून सांगता."

मी ओरडून सांगते हे खरंच आहे. शांताबाई लिहायला लांब बसते, म्हणून आकडा खड्या आवाजात.

शांताबाईकडे गेले. म्हटलं, हे तुला माहीत होतं?

"हाव."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलंच कवा?" चुलीत फुंकर घालत म्हणाली. "पोट्टं सुधरलं का माय त्याले वजनाच्या दिवशी घरातच ठेवते. रोज येते ना बालवाडीत, मंग काय झालं? तुमी इचारता, आज किती आले. मी सांगतो, इतके आले. कोन नाही आलं हे तुमी इचारलंच नाही बाई."

मुगाबद्दलचा संशय तिला सांगून टाकला आणि माफी मागितली. ती हसत सुटली. "म्या खाल्ले असते तं मी अशी काडी राह्यली असती काय?"

बैलगाडीनं बडनेऱ्यापर्यंत आले. गाडीत बसून रडले आणि हसले, दोन्ही. गाडीवाल्या म्हाताऱ्यानं मागं वळून विचारलं, "बाई, बरं नाही काय?" म्हटलं, इतकं बरं कधीच नव्हतं.

शुक्र, ६

रजा टाकली. घरी बसून दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. रोजच्या हजेरीची वेगळी आणि वजनाची वेगळी. दीड वर्षं या दोन वह्या मी दोन निरनिराळ्या दप्तरांत बांधत आले. एकदाही एकीजवळ दुसरी ठेवली नाही. शहाणी!

सगळं तिथंच होतं. दगडू: पहिल्या वजनाला हजर, हाडाचा सापळा. दुसऱ्याला हजर, थोडा वर. नंतर वजनाच्या वहीत गैरहजर, गैरहजर, गैरहजर. रोजच्या हजेरीत मात्र एक दिवस चुकलेला नाही. आणि असा एकटा दगडू नाही. पोर सावरलं की वजनाच्या वहीतून नाव जातं. मागं उरतात आजारी आणि नवी. म्हणजे बालवाडी जितकी चांगली चालेल तितका माझा तक्ता वाईट दिसणार!

वडगावात वजन झालं की दुधाच्या भुकटीचा पुडा मिळतो, म्हणून तिथं सगळी येतात. शिवाय तिथं नजर लागण्यासारखी पोरं होतीच किती.

चूक माझी आहे, बायांची नाही. हे ठळक लिहून ठेवते.

सोम, ९

साहेबांपुढे दोन्ही वह्या टाकल्या. त्यांनी शांतपणे पाहिल्या. पेन्सिल लाल नव्हती या खेपेला.

"पटतंय. पण मालतीबाई, हे समितीपुढे कसं चालेल? ते म्हणतील, बाईंना नको ते आकडे आले, म्हणून बाईंनी हवी ती पोरं शोधून काढली."

बरोबरच आहे त्यांचं. मी समितीत असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणखी कुजकटपणे.

ठरलं असं. बैठकीच्या आधी दोन्ही गावांत पुन्हा वजनं. दोन्हीकडे रीत एकच. हजेरीच्या आणि जन्माच्या वहीतलं एकूण एक पोर, गोरं-काळं, जाडं-बारीक. एकही निसटलं तर मोजणी रद्द समजायची. साहेब स्वतः हजर राहणार.

बाहेर आले आणि मग लक्षात आलं की हे मी कबूल करून बसले. गोदा पोराला कणगीतून बाहेर काढणार कशी?

गुरु, १२. टाकळी

बायांची सभा घेतली. तासभर बोलले. नजर वगैरे काही नसतं, आजार जंतूंनी होतो, अमुक तमुक. सगळ्या माना हलवत होत्या. शेवटी विचारलं, मग आणाल ना पोरांना? सगळ्या "हाव." उठताना एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाई मोठी गोड बोलते. पन पोट्टं नाही ना तिले."

वर्मी लागलं. परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. खरं आहे ते. मला मूल नाही, नवरा नाही, माझी दोन पोरं गेलेली नाहीत. मी कोणत्या तोंडानं सांगते की भिऊ नका?

पण मग मी करायचं काय? बालवाडी बंद झाली तर दगडूसारखी जी आता कुठं उभी राहिली आहेत त्यांचं काय? हे त्या म्हातारीला कोण सांगणार?

शुक्र, २०. अमरावती

कापसाच्या बाजारात गेले होते. काम निराळंच, ब्लॉकच्या गाडीची चौकशी. तिथं रहीमचाचा मापारी भेटले. आधी धान्याच्या अडत्याकडे मापं टाकायचे, आता कापसाच्या गाड्या तोलतात. बाबांची ओळख. बाबा कोर्टात जाताना यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय जात नसत. चाचांनी ओढून बसवलं, चहा पाजला. (हा प्याले.) तोंड उतरलेलं पाहून विचारलं, तर सगळं ओकले.

चाचा दाढी खाजवत ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमी वकीलसाबकी बेटी, एवढं शिकल्या, पन मोजाले कोनी शिकवलं नाई तुमाले."

म्हटलं, शिकवा.

"धान मोजतानी पयलं माप टाकलं का आमी 'एक' म्हनतो का? कबी नाई. 'बरकत' म्हनतो. हिंदू मापारी 'लाभ' म्हनते. मंग दोन, तीन. काहून? लक्ष्मीले एकदम मोजलं तं ती रुसते, असं म्हनते तुमचे लोक. आमचे बी तेच म्हनते. अन् तुमी लेकराले टांगता, अन् वरून वरडता. कोनती माय आनंल?"

पुढं म्हणाले, "बच्चे को मत तौलो. माँ को तौलो."

म्हणजे असं. जिनिंगच्या कारखान्यातला मोठा जमिनीवरचा काटा. आई पोराला कडेवर घेऊन उभी राहील, कागदावर नोंद. पोराला खाली उतरवून आई पुन्हा एकटी उभी राहील, नोंद. आकडा तोंडानं कोणी म्हणायचा नाही. वजा करायचं ते मी घरी. पोर तोललंच गेलं नाही, आई तोलली गेली. कोणाची नजर कशाला लागते?

मी उठले आणि भर बाजारात चाचांच्या पायाला हात लावला. चाचा "अरे अरे" करत मागं सरले, हमाल बघत राहिले. बघू दे.

बुध, ८ जानेवारी १९६४

जिनिंगचा जुना काटा मिळाला, जानेवारीपुरता. चाचांनी तेलपाणी करून, लहान वजनं लावून तो पावशेरापर्यंत खरा बोलता केला. आज त्यावर मी स्वतः. एकदा नुसती, एकदा वहिनीनं दिलेली उशी कडेवर घेऊन, एकदा तीच उशी वाण्याकडे. बरोबर येतं. मी मात्र दिवाळीपासून बरीच वाढले आहे, हे कोणाला सांगायचं नाही. आयांचं दुःख कळलं!

शांताबाईनं दिवसही शोधला. संक्रांतीनंतर लेकरांची लूट असते. तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतच्या पोरांना काळे कपडे घालून बसवतात, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या ओततात, बाकीची पोरं लुटतात. काळं अंगावर असलं की नजरेचं भय नाही. "तवा सारे पोट्टे बाहीर येते बाई. कनगीतलेबी."

दवंडी नाही. लुटीचं बोलावणं घरोघर जाऊन, हळदीकुंकवाचा करंडा हातात घेऊन. शां. आणि मी.

मंगळ, १४. संक्रांत

टाकळीतली सगळी घरं झाली. वडगावातली उद्या. एकही दार चुकवलेलं नाही. गोदाच्या दारात जास्त वेळ. पोराला नाही तोलणार, तुला तोलणार, असं तिला सांगितलं. तिनं तीळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "पाहू."

दगडू तिच्या मागून मला वेडावत होता.

शुक्र, १७

झालं! झालं! झालं!

अक्षर बघ कसं आलंय. उतावळेपणानं लिहिते, चुकलं तर चुकलं.

टाकळीच्या शाळेच्या पटांगणात काटा. चाचा सकाळीच बैलगाडीतून आले, पांढरी टोपी, नवा सदरा. साहेब जीपनं. बाया पोरांना घेऊन आल्या, काळी झबली, काळी फडकी, काही पोरांना तर नुसतं काळं चिंधुक बांधलेलं. लूट सुरू. बोरं पडली, पोरं तुटून पडली, एवढा कल्ला की साहेबांनी कानावर हात ठेवले.

मग काट्याकडे चला म्हटलं. कोणी हलेना. सगळ्या एकमेकींकडे.

तेव्हा तीच म्हातारी, मला पोट्टं नाही म्हणणारी, पुढं आली. साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली, "याले चढवा पहिले. मोठा साहेब आहे, अंगानंबी बरा आहे. याले काही नाही झालं तं आमी चढतो."

साहेबांचा चेहरा लाल. मला वाटलं, संपलं, आता जीपकडे जातात. साहेबांनी काय करावं? बूट काढले. कोट माझ्या हातात दिला आणि काट्यावर जाऊन उभे राहिले, सावधान.

चाचांनी वजन सरकवलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात, "बर-क-त!"

बाया अशा हसल्या की बस. साहेबसुद्धा हसले. हा माणूस हसतो हे आज कळलं. आणि मग रांग लागली. पहिली कोण? गोदा. साडेपाच वर्षांचं धूड कडेवर, पाय गुडघ्यापर्यंत लोंबतायत, गोदा वाकलेली, पण चालत आली. चाचा: "बरकत!" दगडूला खाली ठेवलं, तो साहेबांच्या बुटात पाय घालून उभा. गोदा एकटी काट्यावर. उतरताना माझ्याकडे बघून म्हणाली, "मीच भरली ना व बाई? हा नाही ना?"

तूच भरलीस म्हटलं.

वहीतलं एकही नाव उरलं नाही. एक पोरगी आजोळी गेली होती, तिला तिचा मामा पाठीवर घेऊन पोचला, शां.नं निरोप धाडला होता. साहेबांनी शेवटी स्वतः वही तपासली आणि सही केली. चाचांनी नमाजापुरती रजा घेतली आणि लगेच परत आले. खिशात बोरं भरून नेली नातवाला.

सोम, २०. वडगाव

इथंही तीच रीत. लूट, काळं, बरकत, आई. साहेब बूट काढूनच आले होते जणू, आल्या आल्या काट्यावर. सगळी पोरं झाली. पोरं गुणी, हसरी. पण उचलताना हाताला कळत होतं. वजाबाकीची गरज नव्हती. वाईट वाटलं आणि जिंकल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याची थोडी शरम.

बुध, २२

दोन दिवस वजाबाक्या. दादा अकोल्याहून आला, शेजारी बसून प्रत्येक बेरीज पुन्हा केली. त्याला दोन चुका सापडल्या, एक माझ्या बाजूची, एक विरुद्ध.

तीन ते सहा वर्षांची: टाकळी कुठल्या कुठं पुढं. दादानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मालती, केस जिंकलीस." लहानपणानंतर पहिल्यांदा त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली.

पण तीन वर्षांखालची बघितली आणि गप्प झाले. टाकळी काय, वडगाव काय, सारखीच. वाईटच. ही बालवाडीत येत नाहीत. कापूसवेचणीत आया पहाटे शेतावर, तान्ही दिवसभर आठ वर्षांच्या बहिणींच्या कडेवर. त्यांच्यापर्यंत माझा लाडू पोचतच नाही.

दादा म्हणाला, "हे समितीनं विचारलं नाही तर बोलू नकोस. जिंकलेली केस आहे."

विचार करते.

बुध, २९. बैठक

सांगितलं. न विचारता सांगितलं.

आधी मोठ्यांचा तक्ता लावला. एक जाडे सभासद म्हणाले, मागच्या खेपेला उलट होतं ते? मग कणगीची गोष्ट सांगितली. दगडू शिंकला तिथं सगळी समिती हसली. साहेबांनी उभं राहून सांगितलं, मी स्वतः हजर होतो, मी स्वतः काट्यावर चढलो. कोणीतरी विचारलं, किती भरलात? साहेब: "बरकत." पुन्हा हसू.

सगळं माझ्या बाजूनं वाहत होतं. तेव्हाच दुसरा तक्ता काढला, तान्ह्यांचा. म्हटलं, इथं बालवाडी हरली आहे, कारण ती यांच्यापर्यंत गेलीच नाही. वेचणीच्या तीन महिन्यांत शेताच्या कडेला झाडाला झोळ्या बांधा, एक बाई ठेवा, पेज द्या. नाहीतर आपण तीन वर्षांची वाट बघत बसू आणि तोवर काही जण उरणार नाहीत.

तेच जाडे सभासद म्हणाले, "माझ्याच शेतावर पन्नास बाया वेचतात. त्यांची पोरं बांधावर उन्हात असतात. मी रोज बघतो." एवढंच बोलले आणि खाली बसले.

ठराव: बालवाड्या चालू. तालुक्यातल्या उरलेल्या मोठ्या गावांत नव्या उघडाव्यात. वेचणीच्या झोळ्या पुढल्या हंगामात दहा गावांत करून बघाव्यात आणि वजनं याच रीतीनं घ्यावीत. 'याच रीतीनं' हे शब्द ठरावात आहेत! म्हणजे कापसाच्या बाजारातली रहीमचाचांची रीत आता सरकारी झाली.

साहेब बाहेर येऊन म्हणाले, "दुसरा तक्ता नसता काढला तरी चाललं असतं." म्हटलं, हो. "बरं झालं काढलात," म्हणाले आणि निघून गेले.

थेट बाजारात गेले. चाचा गाडी तोलत होते. दुरूनच ओरडले, जिंकलो! चाचांनी काट्यावरचा हात न काढता आभाळाकडे पाहिलं.

शनि, १५ फेब्रुवारी

नव्या गावांच्या याद्या. पायाला भिंगरी. प्रत्येक सेविकेला पहिला प्रश्न शिकवते: कोण नाही आलं? शां. माझ्याबरोबर येते आता, तीच शिकवते खरं तर. "आलेले मोजनं सोपं हाय वं," असं सांगते सगळ्यांना आणि माझ्याकडे डोळे मिचकावते.

मंगळ, २१ एप्रिल

हुकूम आला. झोळ्यांचं काम धारणीकडच्या डोंगरातल्या गावांतही करून बघायचं आहे, बाई तुम्ही जा. परवा जीप. तिकडं ना कापूस, ना लूट, बोलीही निराळी. तिथल्या आया कशाला भितात, मला काही माहीत नाही. नवा जमिनीवरचा काटा नेते आहे, पण पहिला महिना तो पोत्यातच राहणार. आधी घरोघर बसणार. भीतीही वाटते आणि मजाही. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी.

आज टाकळीला निरोप घ्यायला गेले होते. शां. रडली, मला शिव्या दिल्या, डबा बांधून दिला. निघताना फाट्यापर्यंत गोदा आली, दगडूला घेऊन. आता तो उघड्यावर चालतो, काजळाचा टिळा मात्र आहे. बस दिसल्यावर तिनं त्याला जरा लांब पिटाळलं.

"बाई, जूनात याले पहिलीत घालाचं आहे. गुरुजी नाव इचारतीन." थांबली. "दगडू नाही लिहाचं."

"मग?"

"याचं दुसरं नाव आहे. बारशाच्या दिवशीच ठेवलं म्या, मनातल्या मनात. आजपावतर कोनाले सांगतलं नाही. याच्या बापालेबी नाही."

इकडं तिकडं पाहून तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सांगितलं. सुंदर नाव आहे. मोठं, ऐटदार, मोठा माणूस होईल अशा पोराचं. माझे डोळे भरून आले, तिचे नाही. ती ताठ उभी होती.

"जूनपावतर कोनाले सांगू नोका."

नाही सांगत, म्हटलं. जूनला अजून दीड महिना आहे. म्हणून इथंही लिहीत नाही.